उंच टाचा आणि आपलं शरीर : अनुभव लिहा

हील्सबद्दल मतं उदंड ऐकू येतात, अनुभव कमी. म्हणून हा धागा. घालाव्यात की घालू नयेत यावर इथे जुंपायला नको. कुठे दुखलं, कधीपासून, कुणी काय सांगितलं आणि त्याचा उपयोग झाला का, एवढं लिहा.

सुरुवात माझ्यापासून. हील्स घातल्यावर माझे पाय दुखायचेच नाहीत, दुखायचे ते काढल्यावर. सुट्टीच्या दिवशी सपाट चपला घालून जरा लांब चाललं की पोटऱ्यांना ओढ बसायची आणि रात्री वांब यायचे. घरचे म्हणायचे, तुला हील्सच मानवतात. फिजिओने मला भिंतीसमोर उभं केलं. पायाचा अंगठा भिंतीपासून चार बोटं मागे, टाच जमिनीला घट्ट टेकलेली, आणि आता गुडघा वाकवून भिंतीला लाव म्हणाली. गुडघा भिंतीच्या जवळही पोचेना, टाच मात्र लगेच उचलली गेली.

तिने सांगितलं ते असं. टाच सतत वर राहिली की पोटरीचा स्नायू आखडलेल्या स्थितीतच दिवस काढतो आणि त्याचे तंतू हळूहळू आखूडच होतात. 2010 साली ‘जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल बायॉलॉजी’मध्ये यावर एक अभ्यास आला होता. वर्षानुवर्षं हील्स घालणाऱ्या बायकांच्या पोटरीचे तंतू आखूड निघाले, टाचेमागची जाड शीर, म्हणजे अकिलीस टेंडन, जास्त जाड आणि ताठ झालेली, आणि घोट्याची हालचाल कमी. थोडक्यात शरीराने हील्सशी जमवून घेतलेलं असतं. मग सपाट जमिनीवर त्याचं बिनसतं. त्यामुळे एका दिवसात सगळ्या हील्स बाद करू नकोस, उंची टप्प्याटप्प्याने उतरव, असं तिने बजावलं. जोडीला व्यायाम : जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवायचे, कठडा धरायचा आणि टाचा अगदी सावकाश खाली सोडायच्या. कंटाळवाणा आहे, पण वांब गेले.

आता तुम्ही लिहा.

चवडेश्वरी
माझं काम उभ्याचं, स्वागतकक्षात, आणि बूट पुढून निमुळते. त्रास सुरू झाला तो बुटात खडा गेल्यासारखा. मी सारखी बूट काढून झटकायचे, आत काही नसायचं. मग तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मधे आग व्हायला लागली, बोटांना मुंग्या. बूट काढून चवडा चोळला की बरं वाटायचं. हाडाच्या डॉक्टरांनी चवडा दोन्ही बाजूंनी मुठीत दाबला आणि खालून अंगठ्याने रेटलं, तर आत काहीतरी टक् झालं आणि मी ओरडलेच. मॉर्टन्स न्यूरोमा. बोटांच्या मधून जाणाऱ्या नसेवर सतत दाब येऊन तिच्याभोवतीचा भाग जाड होतो.

टाच जितकी उंच तितकं वजन पुढे चवड्यावर सरकतं, आणि तिथेच बूट सगळ्यात अरुंद असतो. उतारावरून घसरत पाय त्या टोकात जाऊन बसतो. मला पुढून रुंद बूट आणि एक छोटी गादी दिली. ही गादी दुखऱ्या जागेच्या खाली नाही, तिच्या थोडी मागे लावायची असते, म्हणजे हाडं जरा फाकतात आणि नस मोकळी होते. दुकानातून आणून दुखतंय तिथेच चिकटवली तर उलट जास्त दुखतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

काठावरची
जिना उतरताना पाय मुरगळला, तोही आतल्या बाजूला. घोट्याच्या बाहेरचा लिगामेंट फाटला. क्रेप बँडेज, बर्फ, पाय उशीवर, सगळं झालं. डॉक्टरांनी मॉडेल दाखवलं : घोट्यातलं हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं. पाऊल सपाट असताना रुंद भाग खोबणीत पक्का बसतो. टाच वर गेली की अरुंद भाग तिथे येतो आणि घोटा मुळातच सैल होतो. त्यात खाली पेन्सिल हीलचं टोक!

अनवाणी
अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय, अंगठा शेजारच्या बोटावर चढलाय. सगळे हील्सना बोल लावतात. माझ्या आईने जन्मात हील्स घातल्या नाहीत आणि तिचा पाय हुबेहूब असाच आहे. डॉक्टरही म्हणाले की पायाची ठेवण घराण्यातून येते, अरुंद बूट ते वाढवतात आणि दुखरं करतात. बोटांमध्ये घालायचे सिलिकॉनचे तुकडे वापरते. घासणं थांबतं, वाकडा अंगठा सरळ होत नाही.

मापाडी
मी चपलाबुटांच्या दुकानात काम करतो, चालेल ना? आमच्याकडे येणाऱ्या दहाजणींमधल्या बहुतेक जणी टाचेची उंची बघतात, पुढचा भाग कुणी बघत नाही. घरी कोऱ्या कागदावर उभं राहून पावलाची बाह्यरेषा काढा आणि त्यावर आपला बूट ठेवा. कागदावरचं पाऊल बुटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत असेल तर कुरूप कुठे येणार ते तुम्हाला आधीच दिसेल. खरेदी संध्याकाळी करा, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. दोन्ही पायांत घालून बघा, मोठ्या पायाचं माप घ्या. ‘वापरून सैल होईल’ असं आम्ही सांगतो खरं. कातडं थोडं सैलावतं, रेग्झिन नाही.

गुडघेदुखी
ब्लॉक हील घेतली की गुडघे वाचतात का? मी त्याच भरवशावर आहे.

फिजिओ आहे
तोल सावरायला ब्लॉक हील नक्कीच बरी. गुडघ्याचं मात्र तसं नाही. 1998 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात हील्समुळे गुडघ्याच्या आतल्या बाजूवरचा भार अनवाणी चालण्याच्या तुलनेत सरासरी 23 टक्क्यांनी वाढलेला आढळला. 2001 मध्ये त्याच गटाने रुंद टाचेचे बूट तपासले, तर तिथेही भार वाढलेलाच. गुडघ्याची झीज पुष्कळदा आतल्या बाजूलाच होते, म्हणून उंची कमी करणं महत्त्वाचं, नुसती रुंदी वाढवून भागत नाही. यावरून हील्समुळेच झीज होते असं सिद्ध होत नाही, तेवढी उडी मारू नका.

कंबरेबद्दल विचारलं जाईलच. हील्सने कंबरेचा बाक वाढतो हे सगळीकडे छापलेलं असतं, पण प्रत्यक्ष मोजमापांत एकवाक्यता नाही. काहींचा बाक उलट कमी होतो. प्रत्येकीचं शरीर वेगळ्या ठिकाणी भरपाई करतं. कंबर दुखत असेल तर आधी हील्स काही दिवस बाजूला ठेवून फरक पडतो का बघा.

उंचच बरी
मी रोज घालते, मजेत आहे. बसून काम, चालणं कमी, बॅगेत सपाट जोड. बाकी माझ्या बहिणीला टाचेमागची शीर दुखायची, तेव्हा डॉक्टरांनी तिलाच टाचेखाली काही दिवस उचल द्यायला सांगितली होती, शिरेवरचा ताण कमी व्हावा म्हणून. तेव्हा टाच वर म्हणजे वाईटच, असं सरसकट नसतं.

चवडेश्वरी
उंचच बरी, तुम्हाला बसायला मिळतं हो! आमच्याकडे हील्स गणवेशाचाच भाग होता. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 2017 मध्ये अशी सक्ती नियमानेच बंद केली, जपानमध्ये 2019 साली बायकांनी त्याविरुद्ध मोहीम चालवली. आमच्याकडे मी डॉक्टरांची चिठ्ठी दिली तेव्हा ‘एकटीला सूट कशी देणार’ असं उत्तर आलं. मग आम्ही तिघींनी मिळून चिठ्ठ्या दिल्या. आता काळा, बंद आणि सपाट चालतो.