गाडीची किल्ली हरवली तर? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकरांसाठी अनुभव धागा

सौंदत्तीच्या जत्रेत, शेतात, घाटातल्या धबधब्यावर, लग्नाच्या गर्दीत किल्ली पडते आणि मग फोन सुरू होतात. प्रत्येक जण वेगळंच सांगतो. म्हणून हा धागा. ज्यांनी हे काम केलंय किंवा जवळून पाहिलंय, त्यांनी कृपया नेमकं लिहा: कोणत्या गाडीला काय लागतं, कागद कोणते, कुठे अडतं आणि का अडतं. दुसऱ्याच्या उपयोगी पडेल एवढंच.

उद्यमबाग_वायरिंग

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आताच्या कारच्या एका किल्लीत तीन वेगळ्या वस्तू असतात. धातूचं पातं दार आणि स्टार्टरचं कुलूप फिरवतं. रिमोटचं सर्किट दारं उघडतं, त्याला बॅटरी लागते. तिसरी वस्तू म्हणजे इमोबिलायझरची (परक्या किल्लीने इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) चिप, तिला बॅटरी नसते. कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं कडं असतं, ते बहुतेक गाड्यांत 125 किलोहर्ट्‌झवर चिपला वीज पुरवतं, चिप उत्तर देते आणि मगच ईसीएम (इंजिनचा संगणक) इंजिन चालू राहू देतो.

त्यामुळे लक्षणावरून दोष कळतो. रिमोट चालत नाही पण गाडी सुरू होते, तर आधी बॅटरी बदला. रिमोट चालतो पण गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते आणि मीटरमध्ये किल्लीचा दिवा लुकलुकतो, तर चिप, ते कडं किंवा त्याची वायर बघा. पातं फिरतच नसेल तर भानगड कुलपाची, तिथे स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र) लावून उपयोग नाही.

जुन्या किल्लीला फोल्डिंग कव्हर बसवताना सर्वांत जास्त घोटाळा होतो. चिप म्हणजे काळा छोटा तुकडा किंवा तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी. ती जुन्या कव्हरात चिकटलेली राहते आणि कव्हर कचऱ्यात जातं. जुनं कव्हर चिप हातात दिसेपर्यंत टाकू नका. काचेची नळी पकडीने दाबली की फुटते.

आणि दोन चिपवाल्या किल्ल्या एकाच रिंगमध्ये ठेवू नका. दोन्ही एकदम उत्तर देतात, गाडी कधी सुरू होते, कधी नाही.

खडेबाजार_चावीवाला

पात्याबद्दल लिहितो. नवी गाडी घेताना किल्ल्यांबरोबर धातूची किंवा प्लॅस्टिकची छोटी पट्टी मिळते, तिच्यावर आकडे असतात. तो किल्लीचा कोड. आजच फोटो काढा आणि पट्टी घरात कपाटात ठेवा. गाडीच्या डॅशबोर्डात ठेवली तर किल्ली हरवल्यावर तीही आतच अडकते. कोडवरून कापलेलं पातं कंपनीच्या मापाचं येतं. झिजलेल्या किल्लीवरून नक्कल काढली तर झीजही उतरते, आणि त्या नकलेची पुन्हा नक्कल काढली की कुलूप अडायला लागतं.

एक किल्ली हातात असतानाच दुसरी करून घ्या, ही माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे. एक असेल तर पातं कापणं आणि चिप शिकवणं, काम संपलं. एकही नसेल तर दार उघडा, कुलूप काढून त्यातल्या धातूच्या पातळ पट्ट्यांवरून पातं बनवा, मग गाडीचा गुप्त पिन नंबर किंवा ईसीएमचा डेटा मिळवा. खर्च आणि वेळ दोन्ही कितीतरी पटीने वाढतात.

खानापूर_रोड

दादा, चिप ‘क्लोन’ करणं आणि ‘शिकवणं’ यात फरक काय? दुकानात दोन्ही शब्द ऐकू येतात.

उद्यमबाग_वायरिंग

चांगलं विचारलंत. शिकवणं म्हणजे ओबीडी सॉकेटला (गाडी तपासायच्या जोडणीला) स्कॅनर लावून नव्या चिपची नोंद गाडीच्या यादीत करणं. हे सॉकेट 16 पिनचं असतं आणि ड्रायव्हरच्या गुडघ्यावर डॅशबोर्डखाली मिळतं. ह्युंदाई आणि किआच्या बऱ्याच गाड्यांना त्यासाठी सहा आकडी पिन लागतो. क्लोन म्हणजे चालू चिपचीच हुबेहूब प्रत. गाडीला दोन्ही एकच वाटतात.

अनेक गाड्यांत वापरलेल्या हिटॅग-2 चिपची गुप्त किल्ली (म्हणजे आतला सांकेतिक आकडा) फक्त 48 बिटांची आहे. 2012 मध्ये संशोधकांनी ती काही मिनिटांत फुटते हे दाखवून दिलं. क्लोन करणारी यंत्रं त्यामुळेच शक्य झाली.

क्लोन स्वस्त पडतो, पण हरवलेली किल्ली हातातल्या किल्लीचा क्लोन असेल तर ती एकटी यादीतून काढता येत नाही. एकीची नोंद पुसली की दुसरीही मेली. म्हणून शिकवून घ्या. शिकवताना घरातल्या सगळ्या किल्ल्या सोबत न्या, कारण बऱ्याच गाड्यांत जुनी यादी पुसून नवी लिहिली जाते. घरी राहिलेली किल्ली मग निकामी ठरते. काम झाल्यावर ‘नोंदलेल्या किल्ल्या किती’ हे स्कॅनरच्या पडद्यावर दाखवायला सांगा. हरवलेली धरून आकडा यायला नको.

नोंद पुसली तरी हरवलेल्या पात्याने दार उघडतं, फक्त इंजिन सुरू होत नाही. किल्लीबरोबर तुमच्या घराचा पत्ताही हरवला असेल तर लॉकसेटही (गाडीची सगळी कुलपं) बदला.

काम चालू असताना गाडीची बॅटरी ढिली असेल तर चार्जर लावूनच बसा. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीएमचा डेटा अर्धवट राहतो, आणि मग किल्लीपेक्षा मोठं बिल येतं.

निपाणीकर_०९

आपल्या सीमाभागातली खास अडचण सांगतो. कोल्हापूरहून घेतलेली जुनी एमएच-09 गाडी, आरसी अजून आधीच्या मालकाच्या नावावर. शोरूमवाले आरसी आणि ओळखपत्रावरचं नाव जुळल्याशिवाय किल्ली मागवत नाहीत, आणि हे बरोबरच आहे, नाहीतर कुणीही कुणाच्या गाडीची किल्ली बनवेल. जुन्या मालकाचं सहीचं पत्र आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या. कायमचा उपाय म्हणजे फॉर्म 28 वर महाराष्ट्राची एनओसी आणि मग फॉर्म 29 व 30 वर नाव बदलणं. सेकंडहँड गाडी घेताना दोन्ही किल्ल्या आणि कोडची पट्टी मागून घ्या. एकच दिली तर दुसरी कुठे आहे ते विचारा.

कॅम्प_विमा

पोलिसांत नोंद करा. किल्ली नुसती हरवली असेल तर कर्नाटक पोलिसांच्या ई-लॉस्ट सेवेतली पोच पुरते. चोरीची शंका असेल तर ठाण्यात जाऊन तक्रारच द्या. कन्नड कागदावर किल्लीला ‘कीलिकै’ म्हणतात, मजकूर वाचून घेऊनच सही करा आणि गाडी व चेसिस नंबर त्यात आलाय का बघा.

हे का? पुढे कधी गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ किल्ल्या मागते. एक नसेल तर दावा लटकतो. त्यामुळे किल्ली हरवली त्याच आठवड्यात विमा कंपनीला ई-मेल करा, पोच आणि नव्या किल्लीचं बिल जपा. किल्लीचं संरक्षण वेगळं ॲड-ऑन असतं. झिरो डेप्रिसिएशन (दाव्यात झीज न कापणारं ॲड-ऑन) घेतलंय म्हणजे किल्लीही आली, असं समजू नका.

टिळकवाडी_पुशस्टार्ट

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीबद्दल थोडं. बॅटरी संपली तर घाबरू नका. रिमोटमध्ये लपवलेलं छोटं पातं ओढून दार उघडा, सायरन वाजला तरी वाजू द्या. मग रिमोटच स्टार्ट बटणाला टेकवून ब्रेक दाबा आणि सुरू करा. काही गाड्यांत रिमोट ठेवायची जागा वेगळी असते, मॅन्युअल बघा. सेल बहुधा सीआर 2032 असतो, पण जुना काढून त्यावरचा आकडा वाचूनच नवा घ्या.

या गाड्यांत रिले चोरी होते. एक जण घरातल्या रिमोटच्या जवळ, दाराबाहेर यंत्र धरतो, दुसरा गाडीजवळ, आणि गाडीला रिमोट शेजारीच आहे असं वाटतं. रिमोट रस्त्याकडच्या खिडकीत ठेवू नका. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवून गाडीशेजारी उभे राहा, दार उघडलं तर तो डबा कामाचा नाही.

चिकोडी_ऊस

ट्रॅक्टरच्या किल्लीत बहुतेक वेळा चिप नसते आणि एकाच कंपनीच्या अनेक ट्रॅक्टरना तीच किल्ली लागते. हरवली तर मिळेल सहज, पण शेजाऱ्याची किल्लीही चालते हे विसरू नका. गाळप हंगामात ट्रॅक्टर रात्री कारखान्याच्या रांगेत उभा राहतो, तेव्हा बॅटरीला कट-ऑफ स्विच लावून त्याची किल्ली खिशात ठेवा.

चोर्ला_घाट

घाटात किल्ली हरवली तर दोरीने गाडी ओढू नका. स्टेअरिंग लॉक असतं, वळणावर गाडी वळत नाही. सपाट पाटाची गाडीच बोलवा, आणि फोनवरच सांगा की किल्ली नाही, चाकं कुठे वळलेली आहेत, गाडी ऑटोमॅटिक असल्यास ‘पी’ (पार्किंग) मध्ये आहे का. म्हणजे ते चाकाखालच्या ट्रॉल्या घेऊन येतात. कणकुंबीच्या पुढे रेंज जाते, फोन त्याआधी करा.