मार्कर प्लॉटरला पांढऱ्या रेघा येलाल्यात, लांबी पण कमी भरतीय, कार्ट्रिज बदलू का?

कटिंगमास्तर_सोलापूर
नमस्कार मंडळी, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं शाळेच्या युनिफॉर्मचं छोटं युनिट आहे. मार्कर (कापडावर ठेवून कापायचा, सगळ्या तुकड्यांचे आकार आखलेला लांब कागद) काढायला ७२ इंची इंकजेट प्लॉटर, ४५ नंबरच्या दोन काळ्या कार्ट्रिजवाला. आठ दिवस झाले मार्करवर पांढऱ्या रेघा येलाल्यात, नॉच (शिवताना तुकडे जुळवायच्या खुणा) अर्धेच उमटतात आणि साईजचा आकडा ३२ का ३८ तेच कळंना, काल पोरानं दोन गठ्ठे एकत्र बांधले. सॉफ्टवेअरमधनं क्लीनिंग चार-पाच वेळा मारलं, फरक नाही.
दुसरं दुखणं लांबीचं. कॉम्प्युटरवर ६ मीटर असलेला मार्कर कागदावर टेप लावली की १२ मिमी कमी. आम्ही कापड कॉम्प्युटरच्या लांबीनं अंथरतो, ८० थरांचा ले (एकावर एक अंथरलेलं कापड) असला की जवळजवळ मीटरभर कापड असंच जातं. जूनला शाळा उघडायच्या आत माल द्यायचाय, सर्व्हिसवाला म्हणतो दोन्ही कार्ट्रिज आणि मशीनचा सर्किट बोर्ड बदला. खरंच बोर्ड गेला असंल का?

प्लॉटर_मेकॅनिक
मास्तर, बोर्डाचे पैसे देऊ नका अजून. आधी दोन्ही कार्ट्रिजची जागा अदलाबदल करा आणि तोच मार्कर हातभर काढून बघा. रेघ कार्ट्रिजबरोबर दुसऱ्या बाजूला गेली तर कार्ट्रिजचं नोझल (शाई फेकणारं बारीक छिद्र) चोंदलंय किंवा जळलंय. रेघ जुन्याच जागी राहिली तर कार्ट्रिज चांगली आहे, दोष कॅरेजमधल्या (कार्ट्रिज घेऊन सरकणारा भाग) कॉन्टॅक्टचा, केबलचा किंवा मग बोर्डाचा. पाच मिनिटांचं काम आहे.
कार्ट्रिजच निघाली तर डिस्टिल्ड वॉटर कोमट करून टिशू भिजवा, नोझलची बाजू त्यावर दोन मिनिटं टेकवून ठेवा, मग कोरड्या टिशूवर हलकं दाबा. काळ्या दोन बारीक रेषा अखंड उठल्या पाहिजेत, कारण त्याची ३०० नोझल दोन ओळींत असतात. बोअरचं पाणी अजिबात नको, क्षार आत बसतात. आणि शाई संपत आली की ती कार्ट्रिज ओढत चालवू नका, आतले शाई तापवणारे रेझिस्टर शाईमुळंच गार राहतात, कोरडे चालले की जळतात आणि मग कितीही धुवा ते नोझल परत येत नाही.

पॅटर्नवाली
दादा, लांबीचा आणि शाईचा काही संबंध नाही, ते वेगळं धरा. २ मीटरची सरळ रेघ तीन वेळा काढा आणि स्टीलच्या टेपनं मोजा, कापडी टेप ताणते. तिन्ही वेळा सारखीच कमी आली तर सॉफ्टवेअरमधलं कॅलिब्रेशन (लांबीचं माप जुळवायची सेटिंग) बदललंय, खरी लांबी भरली की झालं. तिन्ही वेळा वेगळी आली तर कागद घसरतोय, तेव्हा कॅलिब्रेशनला हात लावू नका, नाहीतर आज बरोबर येईल आणि उद्या दुसरीकडं चुकेल. आमच्याकडं दाबाच्या रबरी रोलरवर कापसाचा फुफाटा बसला होता, नखानं खरवडला तर वातीसारखा निघाला.
अजून एक, कूलरचं तोंड मशीनकडं आहे का? ओल्या हवेनं कागद फुगतो. आणि पंखा थेट नोझलवर नको, उन्हाळ्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की जेवणाच्या सुट्टीत नोझल उघडं राहिलं तरी त्यावर शाई वाळते.

कटिंगमास्तर_सोलापूर
ताई, कूलर मशीनच्या पाठीलाच होता, हलवला. अदलाबदल केली, रेघ डाव्या बाजूलाच राहिली! म्हणजे कार्ट्रिज चांगली. आता कॉन्टॅक्ट कशानं पुसू, सॅनिटायझर चालंल का?

प्लॉटर_मेकॅनिक
सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फुफाटा न सोडणारं फडकं, मशीन बंद करून. कॅरेजमधल्या पिना आणि कार्ट्रिजच्या तांब्याच्या टिकल्या, दोन्ही. पुसताना फडकं नोझलवरनं ओढू नका. हात घातलाच आहे तर ती लांब पारदर्शक एन्कोडर पट्टी (कॅरेज कुठं आहे ते मशीनला कळवणारी) पण पुसा, पण ती नुसत्या ओलसर मऊ फडक्यानं, अल्कोहोलनं काही पट्ट्यांवरचे बारीक गेज उडतात आणि मग कॅरेज जाऊन बाजूला आदळते.

कटिंगमास्तर_सोलापूर
झालं बघा. पिनांवर काळा चिकट थर होता, दोनदा पुसल्यावर रेघा गेल्या, ३२ स्पष्ट ३२ दिसतंय. लांबीच्या तीन टेस्ट १९९६, १९९३, १९९७ आल्या, म्हणजे ताईंनी सांगितलं तसं घसरतच होता. रोलर साफ केले, मग तिन्ही वेळा १९९९, तेवढं कॅलिब्रेशनमध्ये भरलं. आत्ता ६ मीटरचा मार्कर काढला, टेप बरोबर ६ वर. दोघांचे लई आभार, ले अंथरायला घेतलाय. रात्री कार्ट्रिज काढून नोझल झाकायची क्लिप लावून ठेवायची का मशीनमध्येच राहू द्यायची? आमच्या मशीनला झाकण नाही.

पॅटर्नवाली
काढून क्लिप लावा, रोज.