सहाची लाइन चारवर आणताना

एकाने इथे विचारलंय: सांगलीच्या गावभागातल्या जुन्या घरात संडासाची सहा इंची चिनीमातीची लाइन मधेच फुटली आहे, तेवढाच तुकडा चार इंची पीव्हीसीने बदलू, असं गवंडी म्हणतोय, तर चालेल का? त्यावर उत्तर देणाऱ्या बहुतेकांनी "चार इंच कमी पडेल" म्हटलंय. ते मला पटत नाही. एका घराला चार इंची, म्हणजे बाहेरून ११० मिमी, भरपूर होते. उलट सहा इंचीत थोडं पाणी पसरून वाहतं आणि मैला मागे राहतो.

घोळ आहे तो फक्त मधला तुकडा बदलण्यात. मैल्याच्या लाइनला वाहत्या दिशेने पाइप लहान करायचा नसतो. सहातून चारमध्ये शिरताना तोंडाशी कागद, केस अडकतात आणि दर महिन्याला बांबू घालत बसावं लागतं. करायचं तर संडासापासून रस्त्याच्या चेंबरपर्यंत सगळी चार इंची करा. चारातून पुढे सहात गेलेलं चालतं.

पण आधी उतार मोजा. ठोकताळा असा: सहा इंचीला ६० फुटांत एक फूट, चार इंचीला ४० फुटांत एक फूट. ४० फुटांच्या लाइनला जुना उतार आठ इंच असेल, तर आता बारा लागेल. पीव्हीसी गुळगुळीत, म्हणून इंच-दोन इंच कमी चालून जातं. रस्त्याचं चेंबर काही खाली जात नाही, त्यामुळे संडासाकडची बाजू उचलता येते का ते बघा.

आणि गावभाग म्हणजे कृष्णेच्या पुराचं पाणी आलंच. २०१९चा महापूर आठवत असेल. खोदकाम निघालंच आहे तर शेवटच्या चेंबरात नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी बाहेर जाऊ देणारा, पण उलटं घरात येऊ न देणारा) बसवून घ्या, झाकण उघडून साफ करता येईल असा.