मदत हवी आहे: डायलिसिसवर असलेल्या मुलीची उंची वाढत नाही

नमस्कार मंडळी. माझी मुलगी ९ वर्षांची आहे. दोन्ही किडन्या निकामी झाल्याने दीड वर्षापासून आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी ४ तास हिमोडायलिसिस (मशीनने रक्त शुद्ध करणं) चालू आहे. दाराच्या चौकटीवर आम्ही पेन्सिलीने तिच्या उंचीच्या खुणा करतो. शेवटच्या दोन खुणा जवळजवळ एकमेकींवरच आल्यात. धाकटा भाऊ आता तिच्या कानाला लागतो, आणि हे तिच्याही लक्षात आलंय. तेच मला जास्त लागतं.

डॉक्टर म्हणतात, रक्तातलं वाढलेलं आम्ल, कॅल्शियम-फॉस्फरसचं बिघडलेलं गणित, मेलेली भूक, आणि ग्रोथ हार्मोन असूनही शरीर त्याला दाद देत नाही, म्हणून वाढ खुंटते. आधी हे सगळं शक्य तितकं आटोक्यात आणायचं, मग ग्रोथ हार्मोनची रोजची इंजेक्शनं. तुमच्यापैकी कुणाच्या मुलांना ती दिली आहेत का? फरक किती महिन्यांत दिसला? पाय किंवा खुबा दुखायचा का?

हिमोग्लोबिनसाठी एरिथ्रोपोएटिन (रक्तपेशी वाढवणारं औषध) चालू आहेच.

दुसरं म्हणजे पाणी. किडन्या जास्तीचं पाणी बाहेर टाकत नाहीत, म्हणून दिवसभराचं मोजून एका बाटलीत देते. दुपारीच मुलगी ती बाटली उजेडात धरून किती उरलंय ते बघते. तहान भागवायला तुम्ही काय करता?

आणि रात्री घरी मशीनवर पोटाचं डायलिसिस (पोटात बसवलेल्या नळीतून द्रव आत-बाहेर करून) करणारे कुणी आहेत का? शाळा बुडणार नाही म्हणून ओढ वाटते, पण पोटात जंतुसंसर्ग होण्याची धास्ती आहे. नळीची काळजी तुम्ही रोज कशी घेता, ते कृपया सविस्तर लिहा.