कॅन्सरनंतर दुसऱ्या कॅन्सरचा धोका 'दुप्पट', म्हणजे नेमका किती?

कळव्याची लेक
नमस्कार. माझे बाबा ६१ वर्षांचे. २०१८ मध्ये त्यांच्या जिभेच्या कडेला कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग रेडिएशनचे ३० शेक. आता बरे आहेत. तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं, म्हणून आई भाकरी आमटीत कुस्करून देते. गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "तोंडाबरोबर छाती आणि अन्ननलिकेवरही लक्ष ठेवू." घरी येऊन मी वाचत बसले. अशा पेशंटमध्ये दुसऱ्या, नव्या कॅन्सरचा 'एसआयआर', म्हणजे इतरांच्या किती पट धोका ते सांगणारा आकडा, २ च्या वर, असं दिसलं. दुप्पट म्हणजे दोघांतल्या एकाला होणारच का? बाबा बाहेर पेपर वाचत होते आणि मी ओट्याशी उभी राहून रडत होते. कुणीतरी नीट समजावून सांगा.

जुनी कार्डं, खारघर
बाळ, आधी डोळे पूस. दोघांतला एक असा त्याचा अर्थ नाही.

माझी सगळी नोकरी कॅन्सर नोंदणीत गेली. हॉस्पिटलांत जाऊन केसपेपर उतरवून आणायचो. एकाच माणसाची दोन कार्डं निघाली की पॅथॉलॉजीचा रिपोर्ट शोधायचा: जुनाच आजार पसरलाय, की हा वेगळा, नवा आहे? नवा ठरला तरच दुसरा कॅन्सर म्हणून नोंद. त्या एका कार्डापायी दोन-दोन दिवस जायचे.

एसआयआर हा साधा भागाकार आहे. वर प्रत्यक्ष सापडलेले, खाली अपेक्षित. समजा, हजार पेशंट दहा वर्षं पाहिले. त्याच वयाच्या, त्याच भागातल्या पुरुषांत दरवर्षी हजारी ५ जणांना कॅन्सर होतो असं धरू. मग दहा वर्षांत ५० अपेक्षित. सापडले १००, तर उत्तर २. पण हजारातल्या ९०० जणांना काहीच झालं नाही, आणि त्या शंभरातले ५० एरवीही झालेच असते. हे आकडे समजण्यापुरते. प्रत्यक्षात मध्येच गेलेल्यांची वर्षं तिथेच थांबवतात. म्हणून 'किती पट' वाचलंस की 'मुळात किती' हेही शोध. चांगल्या अभ्यासात दर दहा हजारी जास्तीचे किती, हेही दिलेलं असतं.

अमेरिकेत पाच वर्षं पार केलेल्या १५ लाखांवर पेशंटचा अभ्यास २०२० मध्ये छापून आला. सगळे कॅन्सर धरून एसआयआर पुरुषांत १.११, बायकांत १.१०. म्हणजे सरसकट दहा-अकरा टक्के जास्त. तोंड-घशाच्या पेशंटमध्ये आकडा वर जातो, कारण तंबाखू फक्त जिभेच्या कडेला लागत नाही. सगळं अस्तरच तिच्यात भिजलेलं असतं. स्लॉटर नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९५३ मध्येच मांडलं होतं. तुझ्या डॉक्टरांनी अन्ननलिकेचं नाव घेतलं ते म्हणूनच. शेकाचाही थोडा वाटा असतो, पण तो बहुधा बऱ्याच वर्षांनी दिसतो. आणि वारंवार तपासणाऱ्याचा बारीकसा डागही सापडतो, त्यानेही आकडा थोडा फुगतो.

बाबांनी तंबाखू सोडली का? मला हे आधी कळायला हवं.

ऐरोलीहून
ताई, मी स्वतः यातून गेलोय. २०१४ मध्ये खालच्या हिरडीला, २०२१ मध्ये दुसऱ्या बाजूच्या गालाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हा नवा आहे. आरशासमोर टॉर्च धरून बघायची सवय होती, म्हणून तांदळाएवढा पांढरा डाग दिसला. ऑपरेशन छोटं झालं, शेक लागले नाहीत. पहिल्यानंतर मी दोन वर्षं चोरून गुटखा खात होतो. बायकोला ते आजही मी नीट सांगू शकलेलो नाही. बाबांवर चिडू नका, पण लक्ष ठेवा.

कळव्याची लेक
काका, दादा, खूप आभार. तंबाखू २०१८ लाच सुटली. चुन्याची डबी मात्र अजून कपाटाच्या खणात होती, ती आज आईने काढून टाकली. तुमचा भागाकार मी बाबांना वाचून दाखवला. त्यांनी पेपरच्या कडेवर तो पुन्हा करून पाहिला आणि म्हणाले, "मग नऊशेंत बसायचं बघू." रविवारी टॉर्च मी धरणार आहे. एंडोस्कोपीला मंगळवारची तारीख मिळाली. आदल्या रात्री किती वाजेपर्यंत जेवण चालतं, कुणाला माहीत आहे का?

जुनी कार्डं, खारघर
ते उद्या ओपीडीत फोन करून त्यांनाच विचार. बाबांना शुगर किंवा बीपीच्या गोळ्या असतील तर त्यांचंही विचार.