मदत हवी आहे: नाटक पोरांनी रचलंय, प्रबंध मला लिहायचाय. लेखक कोण आणि नट कोण?

रंगीततालीम:

नमस्कार मंडळी. नाट्यशास्त्रात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शेवटच्या सत्रात आम्हाला एक संहिता, तिचा प्रयोग आणि सोबत लेखी प्रबंध द्यावा लागतो. मी नाट्यलेखन आणि शैक्षणिक रंगभूमी हे दोन्ही विषय एकत्र घेतले आणि आता दोन्हीकडून कान ओढले जातायत.

बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालतं. आईबाप दिवाळीच्या सुमारास कारखान्यावर जातात, मुलं आजी-आजोबांजवळ किंवा वसतिगृहाच्या आधाराने गावातच राहतात. चौथी ते सातवीच्या या मुलांबरोबर मी इम्प्रो, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसे रचायचे नाट्यखेळ, घेते. विषय मी देत नाही. तरी फिरून फिरून खेळ एकच निघतो: मुकादम, म्हणजे कारखान्यासाठी मजुरांची टोळी जमवणारा.

त्यातला एक तुकडा सांगते, म्हणजे अडचण कळेल. सहावीतला एक जण मुकादम झाला. खुर्ची दिली तर नको म्हणाला. मांडी घालून बसला, दप्तर मांडीवर घेतलं आणि अंगठा जिभेला लावून वहीची पानं नोटांसारखी मोजायला लागला. समोर नवरा-बायको झालेली दोघं. "एक कोयता. उचल घ्या, अंगठा करा." (बाहेरच्यांसाठी: एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल म्हणजे मुकादमाने दिलेली आगाऊ रक्कम.) तेवढ्यात चौथीतली एक मुलगी, जिला खेळात कुणी घेतलंच नव्हतं, मध्ये येऊन बसली. "आन् मी कितवा कोयता?" मुकादमाने वही बघितली, पान उलटलं, परत बघितलं. "तुझं नाव न्हाई वहीत." ती म्हणाली, "मंग मला सुट्टी." आणि उठून खरंच बाहेर खेळायला गेली. सगळी पोरं खो खो हसली.

हे कागदावर आलं की भांडण सुरू. मार्गदर्शक म्हणतात, हे कार्यशाळेचं टिपण झालं, नाटक कुठाय? मुलीचा संघर्ष पुढे न्या, उत्कर्षबिंदू आणा. शाळेतले गुरुजी म्हणतात, शेवटी शिक्षणाचं महत्त्व आलंच पाहिजे. म्हणजे दोघांनाही त्या मुलीचं पानभर स्वगत हवंय. मला ते तिच्या तोंडी घालायचं नाही.

तर विचारायचंय असं: संवाद जवळजवळ त्यांचेच आहेत, मग संहितेवर 'लेखन' म्हणून एकटीचं नाव कसं घालू? परीक्षेचा प्रयोग विद्यापीठात, बाहेरचे परीक्षक येणार. तिथे मुलांना न्यायचं की वर्गमित्रांकडून करून घ्यायचं? आणि प्रबंधात हे सगळं मांडायचं कसं? जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

विंगेतला:

नटांचं आधी. मुलांना शहरात नेऊन अनोळखी परीक्षकांसमोर उभं करू नका. मार्क तुमचे, घाम त्यांचा. मोठ्या नटांनी मुलांची कामं करण्याची आपल्याकडे चांगली परंपरा आहे. बर्लिनच्या ग्रिप्स या बालनाट्य संस्थेची नाटकं डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने पुण्यात आली, १९८६ साली 'छान छोटे वाईट मोठे' झालं, आणि त्यात पोरांच्या भूमिका मोठ्यांनीच केल्या होत्या. पथ्य एकच: बोबडं बोलणं, गाल फुगवणं, उगाच उड्या मारणं बंद. नटाने सहावीतला मुलगा 'लहान' म्हणून करायचा नाही. तो मुकादम होणारा मुलगा आहे, आणि मुकादम होताना अतिशय गंभीर आहे. वर्गमित्रांना एकदा तरी त्या शाळेत न्या, पोरांबरोबर खेळू द्या. तुमच्या मोबाईलवरचे व्हिडिओ बघून केलेली नक्कल पहिल्या रांगेतूनही ओळखू येते.

तिसरी घंटा:

विंगेतल्याला +१. संहितेबद्दल माझं मत तुमच्या मार्गदर्शकांच्या उलट आहे. नाटक आहे की! तुम्हीच लिहिलंय वर: वही. कुणाचं नाव वहीत आहे आणि कुणाचं नाही. स्वगत घातलं की मुलगी वकील होईल आणि 'मंग मला सुट्टी'ची धार जाईल. तिला कळतंय की नाही, हे आपल्याला कळत नाही, म्हणून तर ते वाक्य लागतं.

उत्कर्षबिंदू हवाच असेल तर दुसरी वही आणा. शाळेतच आहे ती, हजेरीपट. सकाळी गुरुजी हजेरी घेतात, तिथे तिचं नाव आहे. दुपारच्या खेळात मुकादमाच्या वहीत नाही. मग एक प्रवेश असा करा की आई फडावरून फोन करते, धाकट्याला सांभाळायला तिला बोलावून घेते, आणि दुसऱ्या दिवशी हजेरीत तिच्या नावाशी गुरुजींचं पेन थांबतं. गुरुजींना हवं ते शिक्षणही आलं, कुणी भाषण न ठोकता. मुलीला परत आणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी आणणार नाही.

रंगीततालीम:

तिसरी घंटा, हजेरीपटाची कल्पना जबरी आहे. पण ती तुमची झाली, पोरांची नाही. मग 'मुलांच्या खेळातून घडलेलं नाटक' असं म्हणू शकेन का?

खडूफळा:

मी पेशाने शिक्षक, मराठवाड्यातच. कल्पना थेट संहितेत घालू नका, आधी खेळात सोडा. डॉरोथी हीथकोट या इंग्लंडमधल्या नाट्यशिक्षिकेची एक रीत आहे: शिक्षकाने बाहेर बसून सूचना द्यायच्या नाहीत, स्वतः पात्र होऊन खेळात शिरायचं. तेही शक्यतो कमी अधिकाराचं, कमी माहिती असलेलं पात्र. तुम्ही कारखान्याच्या शेतकी खात्यातल्या नवशिक्या कारकून व्हा. "मला दोन वह्या दिल्यात तपासायला. एकीत हिचं नाव आहे, एकीत नाही. साहेबांना काय सांगू?" आणि गप्प बसा. पोरं जे करतील ते तुमच्या डोक्यात येणार नाही, माझ्याही नाही. त्यांनी दुसरी वही धुडकावली तर तीही टिपून ठेवण्यासारखी गोष्ट.

प्रबंधाचा कणा इथेच मिळेल. प्रत्येक प्रवेशाचे तीन पाठ शेजारी शेजारी द्या: खेळात पोरं काय बोलली, तुम्ही काय लिहिलंत, तालमीनंतर काय उरलं. आणि बदल का केला ते दोन-चार ओळींत. मार्गदर्शकांचा 'टिपण की नाटक' हा प्रश्न त्यातच सुटेल, कारण लेखिकेचा हात कुठे फिरला ते उघड दिसेल. इंग्लंडात कॉव्हेंट्रीच्या बेलग्रेड थिएटरने १९६५ साली शाळांत जाऊन नाटकातून शिकवण्याचं हे काम सुरू केलं, आपल्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची टी.आय.ई. (थिएटर इन एज्युकेशन) कंपनी १९८९ पासून आहे. हा इतिहास एका पानात आटपा. परीक्षकांना तो पाठ असतो.

आणि एक. संमती मुलांची घ्याच, पालकांचीही घ्या. ते फडात असले तरी रात्री फोनवर सापडतात. मुकादमामार्फत निरोप मात्र धाडू नका, नाटकाचा विषय बघता!

कोर्टकचेरी:

नावाबद्दल. कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये संयुक्त लेखकाची व्याख्या अशी आहे की दोघांचा वाटा एकमेकांपासून वेगळा काढता येत नाही, तेव्हा ते संयुक्त लेखन. नुसत्या कल्पनेवर हक्क नसतो, शब्दांवर असतो, आणि इथे शब्दच बरेचसे मुलांचे आहेत. त्यामुळे 'संहिता व रचना: तुम्ही. संवाद: अमुक वर्गांतील मुलांच्या खेळांतून' असं पहिल्याच पानावर स्वच्छ लिहा. ऋणनिर्देशात ढकलू नका. प्रबंधात मुलांची खरी नावं आणि गावाचं नाव नको. पुढे राज्य नाट्य स्पर्धेत वगैरे न्यायचं मनात असेल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागेल, ते वेळेत करून घ्या.

रंगीततालीम:

सगळ्यांचे मनापासून आभार. खडूफळा, कारकून होऊन बघते याच आठवड्यात. विद्यापीठातला प्रयोग वर्गमित्र करतील, पण त्याआधी त्यांची एक तालीम शाळेत, पोरांसमोर. चुकलं तिथे पोरांनी थांबवायचं आणि स्वतः करून दाखवायचं, असं ठरवतेय. तिसरी घंटा, मुलीला परत आणायचं की नाही हे मी ठरवणार नाही, चौथीच्या वर्गाला विचारेन.

एक राहिलं. पट्टा पडून (कारखान्याचा हंगाम संपून) टोळ्या गावी परतल्या की पोरांचा स्वतःचा प्रयोग आईबापांसमोर करायचाय, शाळेच्याच पटांगणात. तो परीक्षेत धरला जाणार नाही, तरी करायचाय.

खडूफळा:

मग सातच्या आधी ठेवू नका. बाया भाकरी उरकून येतील. आणि पहिल्या दोन-चार दिवसांत नकोच, तेव्हा घरं झाडणं आणि उचलीचा हिशोब चालू असतो, कुणाचं लक्ष लागणार नाही.

रंगीततालीम:

नोंदवलं. अंबाजोगाई, केज, माजलगाव भागातलं इथे कुणी असेल तर त्या प्रयोगाला हलगी वाजवणारा हवा आहे. मानधन देईन, थोडकंच जमेल. जेवण शाळेत. ओळखीत कुणी असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.