सोन्याला होडी एकट्याने द्यायची का? (घरचा ग्रुप)

सोन्याची आई: भावोजी, सोन्या म्हणतोय रविवारी होडी घेऊन एकटाच जाणार. तुम्ही हो म्हणालात?

भाऊकाका: नाही वहिनी. विचारलंन मला, मी "बघू" म्हटलं.

सोन्या: काका, दोन वर्षं तुमच्यासोबत चालवतोय की. पोहता येतं. एकोणीस पूर्ण झाली.

भाऊकाका: चालवतोस, चांगली चालवतोस. पण धक्क्याला लावताना हँडल मी घेतो. कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमावर लाट उठली की तू माझ्या तोंडाकडे बघतोस. एकटा गेलास की ते तोंड तिथे नसणार. आधी कुठेतरी नीट कोर्स कर.

आत्या (पुणे): मग तूच शिकव ना नीट. बाबांनी तुला कुठे क्लास लावला होता?

भाऊकाका: आक्का, बाबांनी मला आठ वर्षं बरोबर फिरवलं, तेव्हा कुठे होडी हातात दिली. हा सुट्टीत येतो, चार दिवस राहतो. आणि मी शिकवणार ते माझ्या खोडींसकट. मशीनची ती लाल दोरी, माणूस पडला की मशीन बंद करणारी, मी कधी हाताला बांधलीच नाही. त्याने तेच उचललंय, मी बघितलं परवा.

ताई (साउदॅम्प्टन): बाबा, ती दोरी प्लीज बांधत जा. इथे कॉर्नवॉलमध्ये पॅडस्टोला मे 2013 मध्ये एक अख्खं कुटुंब स्पीडबोटीतून पाण्यात फेकलं गेलं. सहा जण. दोरी कुणाला बांधलेली नव्हती, त्यामुळे मशीन चालूच राहिलं आणि बोट गोल फिरून त्यांच्याच अंगावर येत राहिली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली. इथे पॉवरबोट शिकवताना पहिल्या तासाला ती दोरी हातात देतात.

सोन्याची आई: बाप रे.

भाऊकाका: सोन्या, वाचलंस ना? तू एकटा असशील तर पडल्यावर होडी थांबवणारं दुसरं कुणी नाही. दोरी मनगटाला नाहीतर गुडघ्याला, मशीन चालू करायच्या आधी. मीही आजपासून बांधणार.

सोन्या: हो काका.

आत्या (पुणे): ताई, तुमच्याकडे किती दिवसांचा असतो कोर्स?

ताई (साउदॅम्प्टन): रॉयल यॉटिंग असोसिएशनचा लेव्हल टू दोन दिवसांचा. पण एका शिक्षकामागे तिघेच, त्यामुळे हँडल सारखं हातात येतं. सोन्याच्या कोर्सचं तेवढं एक विचारा.

भाऊकाका: हे लाखातलं बोललीस. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, केंद्र सरकारची. तिथे पॉवरबोट चालवणं आणि जीवरक्षण दोन्ही शिकवतात. देवबागहून फार लांब नाही. उद्या फोन करतो. मला फी नंतर, आधी हे विचारायचंय: एका बोटीत किती मुलं? हँडलवर शिकवता की स्टिअरिंगवर? आपली होडी हँडलची आहे, हँडल उजवीकडे ढकललं की ती डावीकडे वळते. घाबरलेल्या माणसाचा हात तिथेच चुकतो. आणि माणूस पाण्यात पडल्यावर काय करायचं ते खरोखर करून घेता की फळ्यावर सांगता?

सोन्या: ते मला माहितीये. मशीन बंद करायचं.

भाऊकाका: त्याच्या आधी पुढची बाजू पडलेल्या माणसाकडे वळवायची, म्हणजे मागचा पंखा त्याच्यापासून लांब जातो. मग फिरून हळू यायचं, आणि जवळ आल्यावर बंद. वाचून होत नाही हे. पाण्यात डबा टाकून वीस वेळा करायला लागतं.

आत्या (पुणे): भाऊ, तुझी ती संगमावरची गोष्ट सांग त्याला.

भाऊकाका: सांगतो. ओहोटी होती. कर्लीचं पाणी जोरात बाहेर चाललेलं, समोरून समुद्राची लाट, मधल्या वाळूवर पाणी नुसतं उकळत होतं. नेमकं तिथे मशीन बंद पडलं. मशीन चालू करायची दोरी ओढतोय, ओढतोय, मशीन लागत नाही. होडी आडवी व्हायला लागली. नांगर टाकला म्हणून वाचलो, पुढची बाजू लाटेकडे आली. मग पेट्रोलच्या नळीवरचा रबरी बल्ब बघितला तर चपटा, पापडासारखा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू निघताना उघडलाच नव्हता. टाकीत हवा जात नव्हती, म्हणून पेट्रोल येत नव्हतं. एक स्क्रू. तेव्हापासून नांगराची दोरी मी कशाखाली अडकू देत नाही.

सोन्या: हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही.

भाऊकाका: सांगायला हवं होतं.

सोन्याची आई: भावोजी, कोर्स झाला की मग लगेच एकटा?

भाऊकाका: नाही वहिनी. आधी चार फेऱ्या मी होडीत बसणार, पण तोंड उघडणार नाही. मग तो एकटा, खाडीतच, मी धक्क्यावर. पाणी चढतं असताना. मशीन पडलं तरी भरती आत आणते, ओहोटी बाहेर नेते. सोन्या, द्वादशीला भरती किती वाजता?

सोन्या: तिथीची पाऊणपट. बाराचे नऊ.

भाऊकाका: शाबास. म्हणजे सातला निघ, नऊच्या आत परत, खारा वारा सुटायच्या आधी. भरतीचा तक्ता पण बघून ठेव, थोडं पुढेमागे असतं. अष्टमीनंतरचे दिवस, भांगेचं पाणी, प्रवाह कमी. संगमाबाहेर या वर्षी नाही.

सोन्या: आणि पाहुण्यांना फिरवायला?

भाऊकाका: अजिबात नाही. पैसे घेऊन माणसं बसवायची तर मेरीटाइम बोर्डाचा परवाना लागतो, सारंगाचा, म्हणजे बोट चालवणाऱ्याचा, दाखला लागतो. मे 2022 मध्ये तारकर्लीला बोट उलटून दोन पर्यटक गेले, आठवतंय ना? ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही.

ताई (साउदॅम्प्टन): सोन्या, फोन वॉटरप्रूफ पाउचमध्ये गळ्यात ठेव. तटरक्षक दलाचा नंबर 1554 आत्ताच सेव्ह कर. लाइफ जॅकेट अंगात, बाकाखाली नाही.

सोन्या: केला सेव्ह. काका, रविवारी मग?

भाऊकाका: रविवारी दोघे जाऊ. धक्क्याला तू लावायची, प्रवाहाच्या तोंडावर येऊन, दहा वेळा. रिकामा डबा घेऊन ये.

सोन्याची आई: मी येऊन धक्क्यावर बसू का?

भाऊकाका: या वहिनी. जॅकेट नवीन घ्यायचंय त्याला, जुन्याची बक्कल तुटलीये. मालवणात बघतो उद्या. सोन्या, छातीचं माप पाठव.